तिकिटे मोजता, माणसेही मोजा : नॅशनल फुटबॉल लीगला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त रॉजर गुडेल आणि ३२ संघांचे मालक व भागधारक,
नॅशनल फुटबॉल लीग, न्यूयॉर्क

सादर नमस्कार.

गेल्या काही हंगामांत तुमच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांची सरासरी प्रेक्षकसंख्या ६९ हजारांच्या आसपास राहिली आहे आणि २७२ सामन्यांच्या नियमित हंगामाची बेरीज पावणेदोन कोटींच्या पुढे गेली आहे. प्रति सामना एवढी सरासरी जगातल्या दुसऱ्या कोणत्याही व्यावसायिक क्रीडा लीगला गाठता आलेली नाही. करोनाच्या वर्षी कोसळलेला हा आकडा दोन हंगामांत पुन्हा होता तिथे येऊन पोहोचला, याचा आनंद माझ्यासारख्या जुन्या प्रेक्षकालाही झाला. तरीही हे पत्र मी त्याच आकड्याविषयी लिहितो आहे, कारण तो मुख्यतः विकल्या गेलेल्या तिकिटांचा असतो. फाटकातून प्रत्यक्ष आत किती माणसे आली, हे त्यातून कळत नाही. पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. मराठी वाचकांसमोर ते ठेवण्याचे कारण असे की न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत अनेक मराठी घरांतली दुसरी पिढी या खेळावर जीव टाकून वाढली आहे, आणि मुलांबरोबर स्टेडियममध्ये जाणाऱ्या आईवडिलांना आपण नेमके कशाचे पैसे भरतो आहोत हे माहीत असलेले बरे.

मी मूळचा कोल्हापूरचा. पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या सामन्याला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नसायची, त्या गर्दीत मी लहानाचा मोठा झालो. तो फुटबॉल निराळा. पण मैदानातल्या अकरा जणांइतकाच पायऱ्यांवर बसलेल्यांचाही सामन्यात वाटा असतो, हे मी तिथेच शिकलो. अमेरिकेत उत्तरेकडच्या एका थंड शहरात १९९६ साली पहिल्यांदा तुमचा सामना पाहिला आणि पुढे काही वर्षांनी हंगामाची दोन तिकिटे घेतली. संघाचे नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते कोणा एका संघाविरुद्ध नाही.

आमच्या रांगेत डाव्या हाताला एक निवृत्त बसचालक बसत. डिसेंबरच्या सामन्याला ते काखेत जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेऊन येत, एक स्वतःसाठी आणि एक शेजाऱ्यासाठी. काँक्रीटची थंडी बुटाच्या तळव्यातून वर चढते आणि दुसऱ्या सत्रापर्यंत पाय बधिर होतात. पायाखाली पुठ्ठा असला की चारही सत्रे उभे राहता येते. हे मला कोणत्याही माहितीपत्रकातून कळले नव्हते, त्यांनी माझ्या पायांकडे पाहून न बोलता पुठ्ठा पुढे सरकवला तेव्हा कळले. प्रतिस्पर्धी संघाचा तिसरा डाऊन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा, आला की ते हातमोजे काढून पत्र्याच्या बाकावर तळहात आपटत, आणि आमचा सगळा विभाग त्यांच्या पाठोपाठ उठत असे. चार हंगामांपूर्वी त्यांनी तिकिटे सोडली. आता त्या खुर्चीवर दर सामन्याला नवा चेहरा असतो, कधी पाहुण्या संघाची जर्सी असते आणि कधी कोणीच नसते. तिकीट मात्र प्रत्येक वेळी विकलेले असते. तुमच्या वहीत आमची रांग भरलेली आहे.

मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला ‘हाऊसफुल्ल’च्या पाटीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ती पाटी लागली आणि पडदा वर गेल्यावर मधल्या चार रांगा मोकळ्या दिसल्या, तर नटाला लगेच कळते. तुमच्याकडे ते कळायला आता नटाची नजरही लागत नाही. तिकिटे फोनवर आली, फाटकावर प्रत्येक तिकीट स्कॅन होते, म्हणजे कोणत्या दाराने कोणत्या मिनिटाला किती माणसे आत आली याची नोंद प्रत्येक संघाकडे असते. जाहीर होतो तो दुसरा आकडा. कॉलेज फुटबॉलमध्ये हीच तपासणी वॉल स्ट्रीट जर्नलने २०१८ साली केली, तेव्हा जाहीर प्रेक्षकसंख्येच्या सरासरी ७१ टक्केच तिकिटे प्रत्यक्षात स्कॅन झाल्याचे दिसले. तुमच्या लीगमधले प्रमाण याहून चांगले असेल, असे मला मनापासून वाटते. चांगले असेल तर ते दाखवण्यात तुमचाच फायदा आहे.

एके काळी तुम्ही हे मोजत होता, याची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. पहिल्या सुपर बोलला, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्याला, १५ जानेवारी १९६७ रोजी, लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये ६१,९४६ प्रेक्षक होते आणि सुमारे एक तृतीयांश खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यानंतर त्या सामन्याची तिकिटे कधी उरली नाहीत. त्या काळात लीगला मोठी भीती वाटायची ती टीव्हीची. सामना घरबसल्या दिसला तर तिकीट कोण काढेल, या विचाराने ज्या शहरात सामना असेल त्या शहरात आणि त्याच्या ७५ मैलांच्या परिसरात प्रक्षेपण बंद ठेवले जाई, मग सगळी तिकिटे खपलेली असली तरीही. न्यूयॉर्कचे लोक आपल्याच संघाचा सामना पाहायला गाडी काढून कनेक्टिकटमधल्या मोटेलांत खोल्या घेत. अखेर १९७३ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला आणि ७२ तास आधी तिकिटे संपली तर स्थानिक प्रक्षेपण करणे बंधनकारक झाले. लीगचा या कायद्याला विरोध होता. त्यामुळे घरी टीव्ही दिसतो म्हणून तिकीट काढूनही किती जण आले नाहीत, याची मोजदाद आवर्जून होऊ लागली आणि वर्तमानपत्रांत सामन्याच्या गुणफलकाखाली ती संख्या छापून येई. गैरहजर माणसे मोजायला तेव्हा फाटकावर तिकिटांचे फाटलेले तुकडे गोळा करावे लागत होते, आणि तरीही ती मोजली गेली.

त्या बंदीने दोन्ही बाजूंचे किती नुकसान होते, हे ३ जानेवारी १९९३ला बफेलोत दिसले. प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, सामना असूनही मुदतीत तिकिटे संपली नव्हती, म्हणून बफेलोत प्रक्षेपण बंद होते. ह्यूस्टन ऑइलर्सनी तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला ३५–३ अशी आघाडी घेतली. मध्यंतरातच बरेच लोक निघून गेले होते. मग बफेलोने ३२ गुणांची पिछाडी भरून काढत जादा वेळेत ४१–३८ असा विजय मिळवला. गाडीतल्या रेडिओवर ऐकत घरी निघालेले लोक वाटेतून परत फिरले आणि कुंपणावरून चढून आत आले. लीगच्या इतिहासातली त्या वेळची सर्वांत मोठी मुसंडी त्या शहराच्या टीव्हीवर दिसली नाही आणि मैदानातल्याही हजारो खुर्च्या रिकाम्या होत्या.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात निम्म्याहून अधिक सामन्यांवर अशी बंदी येत असे. २०१३मध्ये ती फक्त दोन सामन्यांवर आली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या प्रक्षेपणाचे नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेने बंदीला पाठबळ देणारा आपला नियम एकमताने रद्द केला आणि २०१५च्या हंगामापासून तुम्हीही बंदीचे धोरण बाजूला ठेवले. त्यानंतर स्टेडियम ओस पडली का? नाही. प्रत्येक सामना घरात फुकट दिसत असताना सरासरी टिकून राहिली. टीव्हीने माणूस घरी बसतो ही चाळीस वर्षांची भीती खोटी निघाली, आणि मला वाटते की त्याच वेळी तुमच्या निर्णयांतून प्रेक्षकाची काळजीही हळूहळू उतरत गेली.

याचे कारण हिशेबात दिसते. सगळ्या संघांपैकी फक्त ग्रीन बे पॅकर्सचा ताळेबंद लोकांसमोर येतो, कारण तो संघ भागधारकांचा आहे. मार्च २०२५मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात त्यांचे उत्पन्न सुमारे ७१.९ कोटी डॉलर होते आणि त्यातले ४३.२६ कोटी लीगकडून, म्हणजे मुख्यतः प्रक्षेपणाच्या समान वाट्यातून आले. तिकिटे, पार्किंग, खाणेपिणे, दुकान असे स्थानिक सगळे मिळून उरलेले ४० टक्के. २०२१ साली झालेले प्रक्षेपणाचे करार अकरा वर्षांचे आणि सुमारे ११० अब्ज डॉलरचे आहेत. तिकिटांच्या उत्पन्नातला ३४ टक्के हिस्सा पाहुण्या संघांसाठी एकत्र जमा होऊन सगळ्यांत वाटला जातो, पण आलिशान सुइट्सचे भाडे यजमान संघाकडेच राहते. अशा व्यवस्थेत साध्या बाकापेक्षा काचेच्या खोलीला जास्त जागा देणे मालकाला सोयीचे ठरते, आणि नव्या स्टेडियमांचे नकाशे तसेच निघत आहेत.

बफेलोचेच पाहा. १९७३ साली ऑर्चर्ड पार्कमध्ये बांधलेल्या स्टेडियममध्ये ८० हजार माणसे बसत. ती क्षमता कमी होत होत सुमारे ७१ हजारांवर आली. रस्त्याच्या पलीकडे २०२६च्या हंगामासाठी बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये सुमारे ६२ हजारांची सोय आहे. त्यासाठी न्यूयॉर्क राज्याने ६० कोटी आणि एरी काउंटीने २५ कोटी डॉलर दिले आहेत. नॅशव्हिलमध्ये सुमारे ६९ हजारांच्या जागी ६० हजारांचे छतबंद स्टेडियम उभे राहते आहे, तिथे सार्वजनिक पैसा १२६ कोटी डॉलर आहे. खुर्च्या कमी केल्या की तिकिटे लवकर संपतात आणि भाव वर जातात. टक्केवारी सुंदर दिसते. पण करदात्यांच्या पैशांतून उभ्या राहणाऱ्या जागेत दर रविवारी आठ-नऊ हजार माणसांना जागाच उरत नाही, आणि ही माणसे तुमच्या कोणत्याच आकड्यात येत नाहीत.

त्यात भर पडते ती खुर्चीच्या परवान्याची. ज्यांनी मुंबईतल्या जुन्या चाळी पाहिल्या आहेत त्यांना ही पद्धत चटकन समजेल : ही पागडी आहे. आधी एक मोठी रक्कम भरायची, त्या बदल्यात भाडेकरू होण्याचा हक्क मिळतो, आणि दर हंगामाचे भाडे, म्हणजे तिकिटाचे पैसे, पुढे वेगळे द्यायचे. एकदा भाडे थकले की हक्क गेला. नव्वदच्या दशकात कॅरोलायनाच्या संघाने स्टेडियम बांधायला पैसा उभा करण्यासाठी ही पद्धत वापरली तेव्हा तिच्यामागे नवा संघ उभा करण्याची गरज तरी होती. आता ती नित्याची झाली आहे, आणि डॅलसमध्ये सर्वांत महाग परवान्याची किंमत एका खुर्चीला दीड लाख डॉलरपर्यंत गेली होती. आमच्या रांगेतल्या त्या बसचालकांनी तिकिटे सोडली ती अशाच एका पत्रानंतर. पंचवीस वर्षे बसलेल्या जागेवर पुढेही बसण्यासाठी त्यांना जी रक्कम सांगितली गेली, ती त्यांच्या वर्षभराच्या घरखर्चाच्या जवळ जाणारी होती. ज्यांना ती परवडते त्यातले पुष्कळ जण ती फेडायलाच बहुतेक सामन्यांची तिकिटे पुन्हा विकतात. फेरविक्रीची अधिकृत व्यवस्था लीगनेच उभारलेली आहे. चार्जर्स हा संघ २०१७ साली सॅन डिएगोहून लॉस एंजेलिसला आला आणि कार्सनच्या २७ हजारांच्या छोट्या मैदानात खेळू लागला, तेव्हा तिथेही पाहुण्यांच्याच घोषणा मोठ्याने ऐकू येत होत्या. वहीत ते सामने भरलेलेच आहेत.

वेळापत्रकाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. टीव्हीच्या सोयीसाठी रविवारचा सामना गुरुवारी नेण्याची मुभा मे २०२३मध्ये मालकांनी मतदान करून घेतली, आणि ठरावाला लागणारी बरोबर २४ मते मिळाली. सूचना २८ दिवस आधी मिळेल असे तेव्हा सांगितले, दोन वर्षांत ती मुदत २१ दिवसांवर आली. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत रविवार रात्रीचा सामना ठरवायला सहा दिवसांची सूचना पुरते. ज्याला बारा तासांची गाडी चालवून यायचे आहे, ज्याने विमानाचे तिकीट काढून ठेवले आहे, जी परिचारिका महिना आधी पाळी बदलून घेते, त्यांचा रविवार कोणाच्या हातात आहे? न्यूयॉर्क जायंट्सचे सहमालक जॉन मारा यांनी मालकांच्या बैठकीच्या वेळीच या प्रस्तावाला विरोध करून मैदानावर येणाऱ्या लोकांचा थोडा तरी विचार करा असे जाहीरपणे म्हटले होते. तुमच्यातल्याच एका ज्येष्ठाचे ते म्हणणे होते, म्हणून मी त्याची आठवण करून देतो. आणि जे येतात ते काय सोसून येतात, हे १३ जानेवारी २०२४च्या रात्री कॅन्सस सिटीने पाहिले. सामन्याच्या सुरुवातीला तापमान उणे २० अंश सेल्सिअस होते, वेळ संध्याकाळी सातची ठरली होती. त्या दिवसांतल्या थंडीने ज्यांच्या हातापायाची बोटे नंतर शस्त्रक्रियेने काढावी लागली, त्यांत सामना पाहायला आलेले काही प्रेक्षकही होते.

परदेशातल्या सामन्यांना माझा विरोध नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये म्युनिकला ६९,८११ जर्मन प्रेक्षकांनी सामना संपत आला तरी जागा सोडली नाही आणि एका सुरात गाणे म्हटले, ते पाहताना माझ्या अंगावर काटा आला. माझे म्हणणे एवढेच की त्या प्रत्येक सामन्यामागे कोणत्या तरी गावाचा एक रविवार जातो. बफेलोने २००८ ते २०१३ या काळात आपला एक घरचा सामना दरवर्षी टोरंटोत खेळला. तिथे शेवटच्या वर्षी ३८,९६९ प्रेक्षक आले. बफेलोचा रविवार गेला आणि टोरंटोची जागाही भरली नाही. डिसेंबर २०२३मध्ये मालकांनी वर्षाला आठपर्यंत सामने बाहेर नेण्याचा ठराव केला. तेव्हा कोणत्या शहराने किती वेळा हे सोसले, याची मोजणी प्रत्येक हंगामात जाहीर झाली पाहिजे.

तुम्ही म्हणाल की पैसा प्रक्षेपणातून येत असेल तर पुठ्ठा घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसासाठी एवढी चर्चा कशाला. याचे उत्तर २०२० सालाने दिले आहे. अनेक मैदाने पूर्ण रिकामी होती, बाकीची अर्धीसुद्धा भरलेली नव्हती, ध्वनिक्षेपकावरून आधी रेकॉर्ड केलेला गोंगाट सोडावा लागत होता. त्या हंगामात यजमान संघांनी १२७ सामने जिंकले, १२८ गमावले आणि एक बरोबरीत सुटला. लीगच्या इतिहासात घरच्या संघांचा हिशेब उणा जाण्याची ती पहिलीच वेळ होती. अकरा जणांच्या रांगेला तिसऱ्या डाऊनला आवाजाच्या भिंतीपुढे खेळावे लागते, म्हणून तो डाऊन टीव्हीवर पाहण्यासारखा होतो. ११० अब्ज डॉलर देऊन वाहिन्या जे विकत घेतात त्यात तो आवाज धरलेला आहे, आणि तो करणाऱ्याला तुम्ही एक पैसाही देत नाही. उलट तोच तुम्हाला पैसे देऊन येतो.

स्वस्तात द्या असे मी म्हणत नाही, पण अटलांटाने काय केले तेही पाहावे. तिथले स्टेडियम २०१७ साली उघडले तेव्हा मालक आर्थर ब्लँक यांनी हॉट डॉग आणि पुन्हा पुन्हा भरून मिळणारे शीतपेय प्रत्येकी दोन डॉलरला ठेवले. भाव आधीपेक्षा निम्म्याने उतरले आणि प्रत्येक माणसामागे खाण्यापिण्यावरचा खर्च पहिल्याच वर्षी १६ टक्क्यांनी वाढला. लोक लवकर येऊ लागले. ग्रीन बेमध्ये १९६०पासून हंगामाची सगळी तिकिटे आधीच गेलेली असतात, ८१ हजारांच्या मैदानासाठी १ लाख ४० हजारांहून अधिक नावे प्रतीक्षायादीत आहेत, आणि बर्फ पडले की फावडे घेऊन तासाच्या पगारावर बाक मोकळे करायला गावातले लोक रांग लावतात. माणसे थकलेली नाहीत.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी अशी की प्रत्येक सामन्याच्या अधिकृत अहवालात विकलेल्या तिकिटांच्या शेजारी स्कॅन झालेल्या तिकिटांची संख्याही छापावी, आणि ज्या स्टेडियमला सार्वजनिक पैसा मिळाला आहे तिथे ती छापणे कराराचाच भाग असावे. शेवटच्या क्षणी हलवलेल्या सामन्याला किती जण येऊ शकले नाहीत, परवान्याची पद्धत आल्यावर वरच्या स्तरावरचे बाक किती रिकामे पडले, हे मग वादाचे विषय उरणार नाहीत. दुसरे, नव्या प्रत्येक स्टेडियममध्ये काही ठरावीक खुर्च्या परवान्याशिवाय, जुन्या तिकीटधारकांसाठी आणि फेरविक्रीच्या बाहेर राखून ठेवाव्यात. तिसरे, सामना दुसऱ्या दिवशी हलवला तर ज्याला येणे शक्य नाही त्याचे तिकीट मूळ किमतीला परत घ्यावे. आज तो तोटा त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडतो. सराव सामन्यांची तिकिटे पूर्ण भावाने हंगामाच्या गठ्ठ्यात बांधून देणे बंद करावे, हे तर मालकांनी केव्हाच करायला हवे होते.

पहिल्या मागणीला नवे यंत्र लागत नाही, नवा कर्मचारी लागत नाही, मालकांचा ठरावही बहुधा लागणार नाही. संख्या प्रत्येक संघाच्या संगणकात आज रात्रीही आहे. पुढच्या हंगामाच्या पहिल्या रविवारपासून ती छापावी, आणि आमच्या विभागाची छापाल तेव्हा डावीकडच्या त्या खुर्चीसाठी त्या दिवशी जे खरे असेल तेच त्यात यावे.

आपला,
हंगामाच्या दोन तिकिटांचा धारक